कुरुंद्याचा मिस्ड कॉल

दादा, परवा तुझी तेरवी झाली. माणसं अंदाजापेक्षा जास्त आली, बुंदी कमी पडली आणि शेवटच्या पंगतीला वरण-भातावर भागवावं लागलं. तू असतास तर आचाऱ्याला बाजूला घेऊन डाव किती, झारे किती, ते सगळे जागेवर आले का, हे आधी विचारलं असतंस आणि मग बुंदीचं.

भाषणंही झाली. कुणी तुला कुरुंद्याचं भूषण म्हणालं, कुणी देशाचा सैनिक. एका पुढाऱ्यानं तर तुला थेट पायलटच करून टाकलं. शत्रूच्या हद्दीत विमानं घेऊन जायचास म्हणे! मला उठून सांगावं वाटलं की बाबा, ह्या माणसानं जन्मात विमान उडवलं नाही. त्यानं वीस-बावीस वर्षं हवाई दलात विमानाची इंजिनं उघडली, साफ केली, बंद केली आणि मग खाली उभं राहून वर बघितलं. पण वहिनी समोर बसली होती, म्हणून मूग गिळून बसले. तसंही माझं भांडण त्या पुढाऱ्याशी नाहीच. ते तुझ्याशी आहे आणि अर्ध्यावर राहिलंय. समोरचा माणूस उठून गेला म्हणून भांडण संपत नसतं, म्हणून हे लिहायला बसले.

आधी तो पत्रा आठवतो. नोकरीतून सुटून तू गावी आलास, शेतात हळद लावलीस, आणि पहिलं काम काय केलंस तर शेडच्या भिंतीवर एक पांढरा पत्रा ठोकलास. त्यावर काळ्या रंगानं एकेका अवजाराची आकृती काढलीस. पाना, पक्कड, हातोडी, विळा, खुरपं, सगळ्यांची. वस्तू खिळ्यावर असली की आकृती झाकलेली; कुणी नेली की काळं चित्र उघडं पडायचं. विमानाच्या शेडमध्ये असंच असतं, म्हणालास. गावानं पोट धरून हसून घेतलं. फौजीनं खुरप्याचे फोटो काढलेत, असं लोक एकमेकांना दाखवायला आणायचे.

एकदा हळद शिजवणं चालू असताना मी सुट्टी काढून आले होते. दुपारी हळद शिजवायच्या मोठ्या कुकरचं एक झाकण उतरवलं आणि तुझ्या लक्षात आलं की दहा नंबरचा पाना जागेवर नाही. झालं! तू कुकर बंद केलास. बाया घामानं निथळत उभ्या, हळद अर्धी कच्ची, आणि तू सगळ्यांना ओळीनं उभं करून जमिनीकडं बघत चालायला लावलंस.

सरूबाई शेवटी वैतागली. "फौजी, काय इमान उडवायचं हाये का आपल्याला? हळदच तर शिजवून राहिलोत."

"इमान न्हाई उडवायचं," तू म्हणालास, "पण पाना सापडल्याबिगर कुकर पेटायचा न्हाई."

तासाभरानं पाना सापडला. बाजेचा एक पाय हलत होता म्हणून मीच तो सकाळी त्याच्याखाली टेकवला होता आणि वर मजेत चहा पीत बसले होते. सरूबाईनं माझ्याकडं असं बघितलं की मला विहिरीत उडी मारावी वाटली. तू मात्र पाना पुसलास, खिळ्यावर लावलास, कुकर पेटवलास. रात्री जेवताना एवढंच म्हणालास की विसरलेला पाना इंजिनात जातो तेव्हा वर कुणाचा तरी लेक बसलेला असतो. तेव्हा अमोल नववीत होता. त्या वाक्याशी आपलं काही घेणंदेणं असेल असं मला वाटलंही नाही.

अमोलचे वडील गेले तेव्हा तो आठवीत होता आणि मी सेनगावजवळच्या उपकेंद्रात नर्स. तू पुढच्याच वर्षी घरी आलास, आणि खोटं कशाला बोलू, त्या पोराला बाप मिळाला. गणित तू शिकवलंस, पोहायला तू शिकवलंस, आणि विमानाचं वेडही तूच लावलंस. पुण्याजवळच्या अकादमीत जायचं त्यानं ठरवलं तेव्हा फॉर्मवर पालकाची सही हवी होती. मी फॉर्म घेऊन कुरुंद्याला आले. तू पाईपलाईन जोडत होतास.

"दादा, बराबर हाय ना?" मी विचारलं. "ते जुने विमानं पडतेत म्हणतेत लोक."

"लोक काय, लोकाला जीप चालवता येत न्हाई," तू म्हणालास. "मी सोता हात लावलेले विमानं हायेत ते. कर सही."

मी केली. माझ्या आयुष्यात मी इतक्या विश्वासानं दुसरी सही केलेली नाही. पगाराच्या कागदावरसुद्धा दोनदा बघते मी.

पुढं तो शिकला, लढाऊ विमानासाठी निवडला गेला आणि त्याची नेमणूक झाली ती नेमकी तुझ्याच जुन्या मिगवर. तू ज्यांची इंजिनं उघडली होतीस त्यांतलंच एखादं माझा मुलगा उडवणार होता. तू पेढे वाटलेस. मी पेढा खाल्ला आणि त्या दिवसापासून बातम्या लावायच्या बंद केल्या. मग बातम्या नाहीत म्हणून जीव टांगणीला लागला आणि परत लावल्या.

त्या वर्षांत आपण काय कमी भांडलो? दर भेटीत तेच. मी म्हणायची, उडवणाऱ्याच्या दुप्पट वयाची विमानं अजून उडवतात कशाला? नवी घ्या की. तू म्हणायचास, नवी येणार आहेत. मी म्हणायची, कधी? तू म्हणायचास, आली की कळेल. तू शांतपणे समजावायचास की एखादं विमान काढून टाकणं सोपं असतं, पण त्याच्या जागी दुसरं उभं केल्याशिवाय काढता येत नाही. सीमा काही सुट्टीवर जात नाही. नवं विमान बनायला वर्षं लागतात, तपासायला वर्षं लागतात, त्याला हात लावणारी माणसं तयार व्हायला आणखी वर्षं लागतात, आणि तोवर जुन्यालाच जपून, पार्ट बदलून, नवे रडार बसवून चालवावं लागतं. हे सगळं मला पटायचं. पटायचं म्हणूनच राग यायचा.

आणि मग तू माझा फ्रिज काढायचास. आमच्या आरोग्य केंद्रातला लशींचा जुना फ्रिज, जो दर उन्हाळ्यात मान टाकायचा. नवीन मिळेपर्यंत मी त्यात बर्फाच्या पिशव्या भरून, दिवसातून चार-चार वेळा थर्मामीटर बघून दिवस काढले होते.

"नवा फ्रिज यिवोस्तर लेकरायला लस देणं बंद केलं व्हतं का तू?" तू विचारायचास.

"न्हाई."

"काहून न्हाई? जुना व्हता ना?"

"दादा, माझ्या फ्रिजमधी कुणाचं पोरगं बसत नव्हतं," मी म्हणायची, आणि मग तू उठून विहिरीवरची मोटार बघायला जायचास. मोटार चालूच असायची.

आता त्या पंचमीचं लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. नागपंचमीला मी माहेरी आले होते. संध्याकाळची पाच-सव्वापाचची वेळ. तू आंघोळीला गेला होतास आणि तुझा फोन ओट्यावर होता. एक रिंग वाजली आणि बंद झाली. नाव दिसलं, मिश्रा लाइन. आपल्याकडं मिस्ड कॉल आला की त्याचा एकच अर्थ असतो, बिचाऱ्याच्या फोनमध्ये पैसे नाहीत, उलटा लाव. मी उलटा लावला. मी हॅलो म्हणायच्या आत पलीकडून एक माणूस घाईघाईनं म्हणाला, "सर, सब उतर गए. आपका भांजा भी. आज हवा थी, थोडा लेट हुआ." आणि फोन बंद.

तू टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आलास तेव्हा मी तशीच उभी होते. मला बघितल्याबरोबर तुला कळलं. तू ताकास तूर लागू न देणारा माणूस, पण त्या दिवशी तुझा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा झाला.

मग सगळं बाहेर आलं. मिश्रा हा तुझ्या हाताखाली शिकलेला, आता अमोलच्याच तळावर लाइनवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथं, इंजिनं बघणारा. तुमच्यात एक रीत होती म्हणालास. ज्यानं विमान तपासून सही केली तो माणूस ते विमान परत उतरेपर्यंत चहालासुद्धा जात नाही. तिथंच उभा राहतो. म्हणून अमोल उडायला लागल्यापासून तू मिश्राला सांगितलं होतंस, रोज काम संपवून तळाबाहेर आलास की एक मिस्ड कॉल दे. एक शब्द बोलायचा नाही. कॉल आला की तू विहिरीवरून उठून घरी यायचास. नियमात बसतं का, मी विचारलं. नाही बसत, तू म्हणालास. कुकरच्या एका पान्यासाठी गाव थांबवणारा माणूस तू, आणि रोज संध्याकाळी पाच वाजता नियम मोडत होतास.

"सही तर तू आता करत न्हाईस कशावर," मी म्हणाले. "मंग कशाला उभा ऱ्हातोस?"

"अमोलवर केलीय ना," तू म्हणालास.

दादा, त्या वेळी मी रडायला हवं होतं. पण मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी यायला जागाच राहिली नाही. तीन वर्षं तू मला सांगत होतास, बराबर हाय, काही होत न्हाई, तू उगं जीवाला लावून घेतेस. आणि तीन वर्षं स्वतः विहिरीच्या कठड्यावर फोन धरून बसत होतास! भीती नव्हती तर बसत कशाला होतास? आणि भीती होती तर मला खोटं का सांगत होतास? त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, रोज संध्याकाळी पाचला तुझ्या जीवात जीव येत होता आणि मी सेनगावात रात्री नऊला त्याचा फोन येईपर्यंत, कधी दोन-दोन दिवस, तशीच राहत होते. पोटचं पोर माझं, आणि त्याची खबर तुला!

"मी बाळंतिणीला सांगते," मी ओरडले, "लस दिली की लेकराला ताप येणार हाय. घाबरू नका, पण येणार हाय. तव्हा कुठं ती बाई रात्रभर धीर धरते. तू मला एकदा तरी खरं सांगायचं व्हतं."

"खरं सांगून काय व्हणार व्हतं?"

"मी माणूस हाय का न्हाई?"

"मंग उद्यापून कॉल तुला देऊ का?" तू विचारलंस, आणि मग स्वतःच मान हलवलीस. "न्हाई. तुला न्हाई देत. एखाद्या दिशी त्याला याद ऱ्हाईली न्हाई तर तू काय करशील?"

मी पिशवी भरली आणि शेवटच्या बसनं निघून आले. वहिनी फाट्यापर्यंत मागं-मागं आली होती. तिनं पुरणाची दिंडं डब्यात भरून दिली. ती मी बसमध्येच रागारागानं खाऊन टाकली.

त्या राखीला मी आले नाही. पुढच्या दोन राख्यांनाही नाही. भाऊबीज दोन्ही वर्षी कोरडी गेली. वहिनी फोन करायची आणि आडून सांगायची, "तुमचे दादा रोज ईचारतेत, सुमनचा फोन आलता का?" मी म्हणायची, फोन त्यांच्याकडंच असतो की, बघा म्हणावं. इतकी कडू जीभ मला कुठून आली कोण जाणे. तीस वर्षं लेकरांना गोड बोलून सुया टोचणारी बाई मी.

मग तो दिवस आला. शेवटच्या मिग विमानांना निरोप दिला तो. मी सेनगावात टीव्हीसमोर उभी राहून बघितलं, खुर्ची असून. जुने पायलट डोळे पुसत होते. मला कुणाचंच काही वाटलं नाही, खरं सांगते. मला फक्त वाटलं, सुटलो. अमोलला आधीच नव्या विमानाच्या शिक्षणाला पाठवलं होतं, आपल्याच देशात बनलेलं, काचेच्या पडद्यांचं, कॉम्प्युटरनं चालणारं विमान. कार्यक्रम संपला आणि दोन वर्षांनी मी तुझा नंबर लावला.

"बघितलं का?"

"बघितलं."

"मंग?"

"मंग काय? हळदीत पाणी साचलंय, चर काढून राहिलो," तू म्हणालास. पण तुझा आवाज बसला होता. ज्या विमानांची इंजिनं कानानं ओळखायचास त्यांचा शेवटचा आवाज तू टीव्हीवर ऐकला होतास. हे मला तेव्हा सुचलं नाही, आत्ता लिहिताना सुचतंय. मी तुला विचारायला हवं होतं, तुला कसं वाटलं. मी विचारलं ते एवढंच की सेनगावला जेवायला कधी येतोस?

तू आठ दिवसांत आलास. शेंगांची पिशवी घेऊन. माझी सून पूजा तेव्हा घरीच होती. अमोलच्या लग्नात तू आणि मी एकाच मांडवात दोन टोकांना उभे होतो, त्यामुळं तिला आपलं भांडण माहीत होतं. ती सारखी आत-बाहेर करत दोघांचे चेहरे बघत होती. मी पुरणपोळी केली होती. मला वाटत होतं आता सगळं मिटलं. नवं विमान आलं, भीती गेली, भांडणाचं मूळच गेलं.

"सुटलो बाई एकदाचे," मी पोळी वाढता वाढता म्हणाले. "आता कसं, निवांत."

तू नुसतं तूप पोळीवर पसरत राहिलास.

"काहून गप हाईस? नवं चांगलं न्हाई का?"

"चांगलं हाये. लई चांगलं हाये," तू म्हणालास. "डोळे चांगले, कान चांगले, इंजिन ताकदीचं. यायलाच पायजे व्हतं, आन् आणखी लई लागतेत तसले. पण सुमे, नवा फ्रिज आला तव्हा पहिल्या आठवड्यात काय झालं व्हतं, सांग बरं."

ते मी तुलाच सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाला नाही. जुना फ्रिज थंड करत नसायचा, म्हणून मी त्याचं बटण कायम शेवटच्या आकड्यावर ठेवायची. नवा आला तेव्हा हातानं आपोआप तेच केलं. बटण शेवटच्या आकड्यावर. सकाळी येऊन बघते तर लस गोठून दगड. गोठलेली लस निकामी होते, ती सगळी काढून टाकावी लागली, आणि मी स्वतः अहवालात लिहिलं की चूक माझी. फ्रिज उत्तम होता. हात जुन्या फ्रिजचा होता.

"तसंच असतं," तू म्हणालास. "जुन्याचा नुसता आवाज ऐकून सांगत व्हतो आमी, कुठं दुखतंय. नव्याचा आवाज कानाला बसाया साल-दोन साल लागतेत. पायलटच्या हाताला पण लागतेत. शिकून राहिलेत सगळे, शिकतीलच. पण निवांत म्हणू नको. ते मला म्हणवत न्हाई."

"म्हंजे परत भ्यायचंच?"

"तूच म्हणली व्हतीस, खरं सांग म्हून."

आणि दादा, मी काय केलं? ज्या एका खऱ्या शब्दासाठी मी दोन वर्षं तुझ्याशी बोलले नव्हते, तो तू ताटावर बसून मला दिलास, आणि मी दुसरी पोळी तुला वाढलीच नाही. डबा झाकून आत ठेवला. त्या वेळी मला तुझं जुनं खोटं हवं होतं. तू पाणी प्यालास, पूजाच्या डोक्यावर हात ठेवलास आणि चारच्या बसला निघालास. पोळी पूजानं तुझ्या पिशवीत घातली असं तिनं मला नंतर सांगितलं. मीच घातली असती तर बरं झालं असतं.

भाऊबीजेला मी आले, ओवाळलं, तू साडी दिलीस, हिरवी, मला न शोभणारी. विमानाचं नाव कुणी काढलं नाही. आपण सोयाबीनवर बोललो, पावसानं झालेल्या नासाडीवर बोललो, वहिनीच्या गुडघ्यावर तर तासभर बोललो. निघताना तू फाट्यावर सोडायला आलास, आणि बस येईपर्यंत दोन-तीनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलंस. मीही उघडलं. मग बस आली.

ह्या वर्षी हळद शिजवायला लागून चार दिवस झाले होते. सकाळी साडेनऊला तुझ्या छातीत दुखलं, तू कुकर बंद करायला सांगितलास, अवजारं जागेवर लावायला सांगितलीस आणि मग गाडीत बसलास. नांदेडच्या अलीकडंच संपलं. मी नर्स आहे, मला माहीत आहे की आधी गाडीत बसायचं असतं आणि पान्याचं नंतर. त्यात गेलेली दहा मिनिटं तुझ्या उपयोगाला आली असती का, हे मला कुणी सांगू शकणार नाही. सरूबाई रडत रडत म्हणाली, "बाई, आमी म्हणलं ऱ्हाऊ द्या, आमी लावतो. पण मोजल्याबिगर हललेच न्हाईत." मला तुझा राग आला आणि त्याच क्षणी इतका अभिमान वाटला की दोन्ही कुठं ठेवावं कळेना.

अमोल चार दिवस थांबला. तुला अग्नी त्यानं आणि तुझ्या मुलानं मिळून दिला. तो रडला, पण आवाज न करता, तुझ्यासारखा. रजा जेवढी होती तेवढीच, म्हणून तेरवीला थांबता आलं नाही. जाताना मला म्हणाला की उतरल्यावर शिडीवरून खाली येताना तो अजून खाली उभ्या असलेल्या माणसाकडं आधी बघतो, कारण मामानं तसं शिकवलंय. बाकीच्या पायलटांच्या आधी त्याला नमस्कार करायचा. मी म्हटलं, हो रे बाबा, करत जा.

पूजा माझ्याजवळच आहे. सातवा महिना लागलाय. काल संध्याकाळी ओट्यावर मेथी निवडत बसलो होतो. तिनं वर न बघता विचारलं, "आई, मामा असते तर मी त्यायलाच ईचारणार व्हते. नवं इमान बराबर हाये ना? भ्यायचं काही कारण न्हाई ना?"

माझ्याकडं उत्तरं दोन होती आणि दोन्ही तुझी. फॉर्मच्या वेळचं एक आणि पुरणपोळीच्या ताटावरचं एक. पहिलं दिलं असतं तर तिला आजची झोप लागली असती. दुसरं खरं होतं.

"मला विमानातलं काही कळत न्हाई, पूजा," मी शेवटी म्हणाले. "पण मला भ्या वाटते. रोज वाटते. त्याचा फोन यिवोस्तर माझा जीव थाऱ्यावर नसतो."

मग ती म्हणाली, "मला वाटलं मला एकटीलाच वाटते. तुमी तर किती कडक हाव." आणि पाट सरकवून माझ्या शेजारी आली. पोटामुळं तिला सरकता येत नव्हतं, मी हात दिला. आम्ही दोघी बसून राहिलो. भाजी तशीच पडली होती. फोन आला तेव्हा दोघींनी एकदमच उचलायला हात केला आणि हसू आलं. काल पहिल्यांदाच ती वाट बघणं मला जड गेलं नाही.

आणि तेव्हा मला कळलं, दादा, की मी इतकी वर्षं तुला विमानाबद्दल विचारत राहिले आणि तू भला माणूस, विमानाबद्दलच उत्तरं देत राहिलास. जुनं कसं, नवं कधी, इंजिन कुणाचं. मला त्यातलं काहीच विचारायचं नव्हतं. तू तिकडं कुरुंद्यात विहिरीवर एकटा, मी इकडं सेनगावात एकटी, एकाच पोरासाठी, एकाच वेळेला. हिंगोलीला बस बदलावी लागते, तरी अडीच तासांचा रस्ता. "सुमे, मला बी भ्या वाटतंय," एवढं एकदा म्हणाला असतास तर मी काही ओरडले नसते रे. मी नुसती तुझ्या बाजूला बसायला आले असते.